रिकामी बाटली, ताशा आणि दोरीवाली पोरं: इंटरल्युकिन-२ सोप्या भाषेत

२०२५ च्या ऑक्टोबरात वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं आणि त्याच संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला, "इम्युनिटी वाढवणाऱ्या पेशींच्या शोधाला नोबेल", आणि त्याच्या खाली पाच मिनिटांत कुणीतरी गुळवेलीच्या काढ्याची कृती टाकली. झालं! म्हणजे बातमीचं पार उलटं. मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि जपानचे शिमोन साकागुची या तिघांना नोबेल मिळालं ते इम्युनिटीला आवर घालणाऱ्या पेशींसाठी. ग्रुपवर मी तसं लिहिलं तर एका काकांनी विचारलं, "आवर कशाला घालायचा? जितकी जास्त तितकी चांगली ना?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मला एका बाटलीत सापडलं, म्हणून हा सगळा प्रपंच.

मी स्वतः औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला नोकरी केलेला माणूस, तपासणं हा आपला धंदा, बायोलॉजी माझा विषय नाही. पण माझी भाची इथेच पुण्यात पीएचडी करते. मागे एकदा पावसात तिची स्कूटी बंद पडली म्हणून मी तिला लॅबला सोडायला गेलो, विद्यापीठ चौकात नेहमीसारखे अडकलो, ती सारखी घड्याळ बघत होती कारण तिचं पार्सल यायचं होतं आणि त्यातले बर्फाचे पॅक वितळायच्या आत ते फ्रीझरमध्ये जायला हवं होतं. पोचलो तर थर्माकोलचा टीव्हीएवढा खोका, आणि आत काय, तर करंगळीच्या टोकाएवढी एक बाटली. मी उजेडासमोर धरून बघितली. रिकामी! म्हणलं, "अगं फसवलं तुला, परत पाठव." ती हसायला लागली. "मामा, रिकामी नाहीये ती, वीस मायक्रोग्रॅम आहे आत. आणि हलवू नको रे."

लेबलवर लिहिलं होतं, रिकॉम्बिनंट ह्युमन इंटरल्युकिन-२, आणि खाली, फक्त संशोधनासाठी. या एवढ्याशा लेबलातला एकेक शब्द सोडवत गेलो की काकांच्या प्रश्नापर्यंत आपोआप पोचतो आपण.

आधी इंटरल्युकिन म्हणजे काय ते बघू

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात हे शाळेत झालंय. त्यांच्यातला एक प्रकार म्हणजे टी-पेशी, बिघडलेल्या किंवा व्हायरस शिरलेल्या पेशी ओळखून मारणं आणि बाकीच्यांना कामाला लावणं ही यांची कामं. आता या पेशींना ना तोंड ना फोन, मग एकमेकींना कळवायचं कसं? तर त्या बारीक बारीक प्रोटीन बाहेर सोडतात आणि दुसऱ्या पेशीच्या अंगावर त्या प्रोटीनसाठी एक कान असतो, त्याला रिसेप्टर म्हणतात. प्रोटीन कानात बसलं की निरोप पोचला. पांढऱ्या पेशींमधल्या या निरोप्यांना इंटरल्युकिन म्हणतात, नंबर सापडत गेले तसे पडत गेले.

दोन नंबरचा निरोप्या म्हणजे इंटरल्युकिन-२, थोडक्यात आयएल-२. १९७६ साली अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या लॅबमध्ये लक्षात आलं की पेशींनी वापरून टाकलेल्या पोषक पाण्यात असं काहीतरी उरतं की ज्यामुळे माणसाच्या टी-पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात वाढत राहतात. तोवर टी-पेशी बाहेर काढल्या की काही दिवसांत गेल्याच. तेव्हा त्याचं नाव होतं टी-सेल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे टी-पेशींचं खत म्हणा. हे 'खत' नाव डोक्यात ठेवा, पुढे सगळा घोळ त्यानेच केलाय.

रिकॉम्बिनंट म्हणजे काय, आणि बॅक्टेरियात केलं तर ह्युमन कसलं?

शरीरात आयएल-२ इतकं कमी बनतं आणि इतक्या लवकर नाहीसं होतं की माणसाच्या रक्तातून ते काढायचं म्हणजे मुठा नदीत पडलेलं कानातलं शोधण्यासारखं. सुरुवातीला ढीगभर पेशी वाढवून त्यांच्या पाण्यातून ते कसंबसं वेगळं करायचे आणि दरवेळी त्याच्याबरोबर अजून पाच-पन्नास प्रोटीन चिकटून यायची, मग जो परिणाम दिसला तो नेमका कुणाचा?

१९८३ मध्ये जपानच्या तादात्सुगु तानिगुची यांच्या टीमने आयएल-२ ची जनुकीय कृती मिळवली. कृती म्हणजे डीएनएचा तो तुकडा ज्यावर हे प्रोटीन कसं बनवायचं ते लिहिलेलं असतं. एकदा कृती हातात आली की आजीच्याच हातची पुरणपोळी हवी असा हट्ट राहत नाही, कृती दुसऱ्या स्वयंपाकघरात द्यायची. आपल्या इन्शुलिनचं असंच झालं, आधी ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढायचे, १९८२ पासून बॅक्टेरियात बनवलेलं बाजारात आलं, आणि आज तुमच्या ओळखीत कुणी इन्शुलिन घेत असेल तर जवळजवळ नक्कीच याच पद्धतीचं. एका जीवाची कृती दुसऱ्याच्या डीएनएत जोडून बनवून घेतलेलं, म्हणून रिकॉम्बिनंट.

स्वयंपाकघर म्हणजे बहुतेक वेळा ई. कोलाय, आपल्या आतड्यात राहतो तोच बॅक्टेरिया, त्याचा लॅबमधला निरुपद्रवी वाण. विरजण लावल्यासारखा रात्रभर वाढतो, वीस-तीस मिनिटांत दुप्पट. पण त्याला माणसाच्या प्रोटीनची घडी घालता येत नाही. तो भराभर बनवतो आणि आत नुसता बोळा करून ठेवतो, वॉशिंग मशीनमधून निघालेल्या साड्यांसारखा पीळ. मग बॅक्टेरिया फोडायचा, तो बोळा कडक रसायनात पूर्ण उलगडायचा आणि मग ते रसायन हळूहळू कमी करत न्यायचं म्हणजे प्रोटीन आपली आपण योग्य घडी घालून घेतं. घाई केली की परत बोळा. भाची म्हणते, लॅबवाल्यांचा सगळा जीव यातच जातो.

आता ह्युमनबद्दल. आयएल-२ म्हणजे १३३ अमिनो आम्लांची माळ. तेच मणी, त्याच क्रमाने, मग माळ कुणी ओवली याला महत्त्व नाही, माणसाच्या टी-पेशीचा कान ती माळच ओळखतो. फरक आहेत पण. आपल्या शरीरातल्या आयएल-२ वर साखरेची एक छोटी फांदी असते, बॅक्टेरिया ती लावत नाही, पण तिच्यावाचून काम अडत नाही असं दिसलंय. दुसरी गंमत म्हणजे या माळेत सिस्टीन नावाचे तीन मणी आहेत, त्यातल्या दोघांची जोडी जमते आणि १२५ व्या जागचा बिचारा एकटा राहतो आणि मग तो भलत्याशीच जोडी जमवून घडी बिघडवतो. म्हणून बऱ्याचदा त्याच्या जागी मुद्दाम सेरीन नावाचा दुसरा मणी बसवतात.

वीस मायक्रोग्रॅम म्हणजे नक्की किती

हा भाग माझ्या आवडीचा आहे, त्यामुळे थोडा लांबेल.

वीस मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा पन्नास हजारावा भाग. साखरेचा एक दाणासुद्धा याच्यापेक्षा कितीतरी जड. पाणी उडवून वाळवलेलं असल्याने काचेवर एक न दिसणारा थर असतो किंवा झाकणाला चिकटलेला असतो, म्हणून उघडायच्या आधी बाटली सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून सगळं तळाला बसवणाऱ्या मशीनमध्ये, फिरवून घ्यायची, नाहीतर झाकणाबरोबर हजारो रुपये कचऱ्यात.

पण खरी मोजणी वजनात होतच नाही. कारण वजन बरोबर असेल आणि घडी चुकलेली असेल तर ते प्रोटीन मेलेलं. तेव्हा ते काम किती करतं ते मोजतात, युनिटमध्ये. त्यासाठी उंदराच्या टी-पेशींचा एक वाण आहे, सीटीएलएल-२, त्याला आयएल-२ चं इतकं व्यसन की नाही मिळालं तर मरायला लागतो. आपली बाटली थोडी थोडी पातळ करत या पेशींना द्यायची, कितपत वाढतात ते बघायचं आणि आंतरराष्ट्रीय प्रमाण नमुन्याशी ताडून युनिट ठरवायचे. माणसाचं आयएल-२ उंदराच्या पेशींवर चालतं, उंदराचं मात्र माणसाच्या पेशींवर नीट चालत नाही, म्हणून लेबलवर ह्युमन लिहिणं गरजेचं.

औषध म्हणून मिळणाऱ्या आयएल-२ च्या कुपीत १.१ मिलिग्रॅममध्ये १ कोटी ८० लाख युनिट असतात. त्या हिशोबाने वीस मायक्रोग्रॅममध्ये सव्वातीन लाखाच्या आसपास. टी-पेशींना साधारण एका मिलिलिटरला पन्नास युनिट दिले तरी पुरतं, म्हणजे माझ्या 'रिकाम्या' बाटलीत साडेसहा लिटर पेशींच्या पाण्याची सोय होती. मी गप्प बसलो.

आणि एक शत्रू. ई. कोलायच्या सालीत एंडोटॉक्सिन नावाचा पदार्थ असतो. आपली इम्युनिटी लाखो वर्षं बॅक्टेरियाशी लढत आल्याने हा पदार्थ दिसला रे दिसला की पेशी चवताळतात. मग विचार करा, तुम्ही आयएल-२ टाकलं, पेशी चवताळल्या, तुम्ही खूश होऊन पेपर लिहायला घेतला आणि नंतर कळलं की ते आयएल-२ मुळे नव्हतंच, प्रोटीन नीट धुतलेलं नव्हतं. उकळून जात नाही हे, ऑटोक्लेव्हलाही (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं मशीन) दाद देत नाही. आमच्या सुरुवातीच्या काळात इंजेक्शनमध्ये असलं काही आहे का ते सशाला टोचून त्याला ताप येतो का ते बघायचे. मग आली घोड्याच्या नालेसारख्या दिसणाऱ्या समुद्री खेकड्याच्या निळ्या रक्ताची टेस्ट, एंडोटॉक्सिन असेल तर ते रक्त गोठतं. आणि आता खेकड्यालाही त्रास नको म्हणून त्याच्या रक्तातलं ते प्रोटीनच रिकॉम्बिनंट पद्धतीने बनवतात. म्हणजे रिकॉम्बिनंट तपासायला रिकॉम्बिनंट. मला हे फार आवडतं.

आता खरा मुद्दा: हा ताशा आहे

टी-पेशींचं खत म्हणलं की डोक्यात सरळ हिशोब बसतो, आयएल-२ जास्त तर टी-पेशी जास्त तर इम्युनिटी जास्त. शास्त्रज्ञांचाही तसाच बसला होता. मग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला असे उंदीर तयार केले ज्यांच्यात आयएल-२ बनतच नाही. अपेक्षा अशी की यांची इम्युनिटी लुळी पडेल. झालं उलटंच. त्यांची इम्युनिटी मोकाट सुटली, स्वतःच्याच रक्तपेशींवर आणि आतड्यांवर तुटून पडली आणि त्यातले बरेच उंदीर लवकर मेले. खत बंद केलं आणि रान माजलं!

हे कसं, ते समजायला लक्ष्मी रोडवर या विसर्जनाच्या दिवशी. ढोल पथक उभं आहे. ढोलवाले म्हणजे लढणाऱ्या टी-पेशी. ताशाची तर्री सुरू झाली की ढोल उठतात, तो ताशा म्हणजे आयएल-२. आणि पथकाभोवती दोरी धरून उभी असलेली पोरं पोरी असतात बघा, त्यांना कुणी फोटोत घेत नाही पण ती नसली तर ढोलवाले गर्दीत आणि गर्दी ढोलांत. ही दोरीवाली मंडळी म्हणजे नियामक टी-पेशी, इंग्रजीत टी-रेग म्हणतात, नोबेलवाल्या. आपल्याच अवयवांवर कुणी चालून जायला लागलं तर त्याला मागे ढकलणं हे त्यांचं काम.

गोष्ट अशी की दोरीवाल्यांकडे स्वतःचा ताशा नाही. त्या पेशी आयएल-२ जवळजवळ बनवतच नाहीत, ढोलवाल्यांच्या बाजूने जो वाजतो त्याच्यावरच त्यांचं जगणं. आणि त्यांचे कान मात्र फार तिखट. आयएल-२ च्या कानाचे तीन भाग असतात, तिन्ही एकत्र असले की अगदी बारीक आवाजही ऐकू येतो. त्यातला एक भाग, नाव सीडी-२५, दोरीवाल्यांच्या अंगावर कायम असतो, ढोलवाल्यांना तो लढाईला उठल्यावरच येतो. १९९५ मध्ये साकागुचींनी याच सीडी-२५ च्या खुणेवरून दोरीवाल्या पेशी वेगळ्या ओळखल्या, त्या काढून घेतल्या तर उंदरांना स्वतःच्याच शरीरावर उलटणारे आजार होतात हे दाखवलं. पुढे २००१ मध्ये ब्रंको आणि रॅम्सडेल यांनी फॉक्सपी-३ हे जनुक शोधलं, ते बिघडलं तर दोरीवाल्या पेशी धड तयारच होत नाहीत. तसं बिघडलेलं जनुक घेऊन जन्मलेली मुलं अगदी लहानपणीच डायबेटिस, जुलाब, त्वचेचे आजार यांनी बेजार होतात.

तर मग ताशा पूर्ण बंद केलात तर पहिली उपाशी मरतात ती दोरीवाली पोरं. म्हणून उंदरांचं तसं झालं. ताशा हळू वाजवला तर तिखट कानाच्या दोरीवाल्यांनाच ऐकू जातो आणि गर्दी शांत होते. जोरात वाजवला तर सगळेच उठतात. प्रोटीन तेच, फक्त आवाज वेगळा. असं एकच प्रोटीन ॲक्सिलरेटरही आणि ब्रेकही, गाडीत असं काही असतं तर आरटीओने पासच केलं नसतं.

"बरं, पण मग इंजेक्शन घेऊन इम्युनिटी वाढेल की नाही?"

काका पिच्छा सोडत नाहीत. तर हे करून बघितलंय.

जोरात ताशा: अमेरिकेत स्टीव्हन रोझेनबर्ग या सर्जनने १९८४ साली पसरलेल्या त्वचेच्या कॅन्सरच्या एका बाईला आयएल-२ चे प्रचंड डोस दिले आणि तिच्या गाठी विरघळल्या. पुढे तिथे १९९२ मध्ये किडनीच्या आणि १९९८ मध्ये त्वचेच्या कॅन्सरसाठी ते औषध म्हणून मंजूर झालं. पेशंटच्या वजनाच्या किलोमागे सहा लाख युनिट, दर आठ तासांनी, एका फेरीत जास्तीत जास्त चौदा डोस. फायदा साधारण सहा-सात पेशंटांत एकाला, पण ज्या थोड्यांचा आजार पूर्ण गेला त्यातले कित्येक वर्षानुवर्षं बरे राहिले, ही साधी गोष्ट नाही. किंमत काय? बारीक रक्तवाहिन्या गळायला लागतात, रक्तातलं पाणी बाहेर अंगात साठतं, बीपी खाली, किडनी कुरकुरते, म्हणून हे आयसीयूची सोय असलेल्या ठिकाणीच देतात. 'जितकी जास्त तितकी चांगली' म्हणणाऱ्यांनी ही यादी परत वाचावी.

मधला ताशा: एचआयव्हीमध्ये टी-पेशी कमी होतात, मग आयएल-२ देऊन वाढवू. दोन मोठ्या चाचण्या झाल्या, मिळून पाच हजारांवर पेशंट, २००९ मध्ये निकाल आले. पेशींचा आकडा वाढला, रिपोर्ट सुंदर. आजारपण आणि मृत्यू? काही फरक नाही. आकडा वाढणं आणि माणूस बरा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला क्वालिटी कंट्रोलमध्ये रोज दिसायचं, पण एवढ्या ठळकपणे नाही.

हळू ताशा: दिवसाला साधारण दहा लाख युनिट, म्हणजे वरच्या एकेका डोसाच्या मानाने किरकोळ. दुसऱ्याचा बोनमॅरो बसवलेल्या पेशंटांमध्ये त्या नव्या पेशी पेशंटच्या शरीरावरच उलटतात, तिथे २०११ साली अशा छोट्या डोसाने दोरीवाल्या पेशी वाढल्या आणि बऱ्याच जणांची तब्येत सुधारली असं दिसलं. ल्युपस, म्हणजे इम्युनिटी स्वतःच्याच शरीरावर उलटते असा एक आजार, त्यावरही असे प्रयोग चालू आहेत. म्हणजे ज्याला इम्युनिटीचं खत म्हणत होतो तेच इम्युनिटी शांत करायला.

काढ्याचं काय, तर घ्या हवा तर, पण 'इम्युनिटी वाढते' म्हणजे ढोल वाढतात की दोरी, हे कुणी सांगत नाही.

औषध आहे तर 'फक्त संशोधनासाठी' का लिहिलंय?

लॅबच्या बाटलीतलं प्रोटीन आणि औषधातलं प्रोटीन जवळपास एकच असू शकतं, तरी ती बाटली कुणी टोचून घेऊ नये. औषध बनवताना प्रत्येक बॅचची निर्जंतुकता, शुद्धता, पाण्यापासून माणसाच्या हातमोज्यांपर्यंत सगळ्याची नोंद, आणि ती नोंद सरकारी इन्स्पेक्टर कधीही मागतो. लॅबच्या बाटलीला एवढं नसतं, तिचं काम भांड्यातल्या पेशींपुरतं. टपरीवरचा वडापाव आणि हॉस्पिटलच्या किचनमधलं पथ्याचं जेवण, दोन्ही अन्नच, पण ऑपरेशन झालेल्याला कुठलं द्याल? दोन्हींच्या मध्ये अजून एक दर्जा आहे, पेशंटला परत द्यायच्या पेशी बाहेर वाढवताना वापरायचा, तो बराच महाग.

आणि असल्या पेशी आता आपल्याकडेही वाढवतात. २०२३ च्या ऑक्टोबरात भारताची पहिली स्वतःची कार-टी थेरपी मंजूर झाली, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून निघालेली, नेक्सकार-१९. पेशंटच्या टी-पेशी काढायच्या, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं, बाहेर वाढवायच्या, परत सोडायच्या. या बाहेर वाढवण्याच्या पायरीला सहसा आयएल-२ किंवा त्याची भावंडं आयएल-७, आयएल-१५ लागतात. कुणाच्या घरात किडनी ट्रान्सप्लांट झालं असेल तर टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनची गोळी माहीत असेल, तिचं मुख्य काम म्हणजे टी-पेशीला आयएल-२ फारसं बनवू न देणं. ताशाचा आवाज पार खाली आणायचा, नवी किडनी वाचते. आपल्या गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स आहे, देशभरच्या लॅबना पेशींचे वाण पुरवणारी बँक तिथे आहे, तुम्ही त्या रस्त्याने शंभरदा गेला असाल.

मग ताशाच बदलला तर?

हुशार लोकांच्या मनात आलंच की आयएल-२ ला असं वळवूया की ते फक्त ढोलवाल्यांनाच ऐकू जाईल. एका औषधात रेणूवर लांब साखळ्या चिकटवून तो सीडी-२५ वाला कान टाळायचा प्रयत्न केला, फार गाजावाजा झाला, आणि २०२२ मध्ये त्वचेच्या कॅन्सरच्या मोठ्या चाचणीत ते सपशेल पडलं. उलट बाजूने, फक्त दोरीवाल्यांना ऐकू जाईल असं आयएल-२ बनवायचे प्रयत्नही चालू आहेत. मला विचाराल तर दुसरी बाजू जास्त आशेची वाटते, पण मी काय, पडलो तपासनीस.

भाचीच्या बाटलीचं पुढे काय झालं? त्याच्या आधीच्या बाटलीचा तिने घोळ केला होता, एकच ट्यूब फ्रीझरमधून काढायची, वापरायची, परत ठेवायची, असं सात-आठ वेळा केलं आणि प्रोटीन हळूहळू मेलं, तीन आठवडे पेशी का वाढत नाहीत म्हणून रडकुंडीला आली होती. यावेळी तिने बाटली फिरवली, हलक्या हाताने पिपेटने, म्हणजे थेंब मोजून सोडणाऱ्या नळीने, द्रावण घातलं आणि छोटे छोटे थेंब तीस छोट्या ट्यूबांत वाटायला घेतले, प्रत्येकीवर तारीख, एक ट्यूब एकदाच. मी शेजारी उभा राहून मोजत होतो. एकोणतीसच भरल्या. तिसाव्या ट्यूबकडे दोघं बघत राहिलो आणि मग ती म्हणाली, "मामा, पिपेटचं कॅलिब्रेशन कधी झालंय बघतोस का?"